तेरा मिलिमीटर

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या घरी मीच आणलं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तसा विषयही काढला नव्हता. चौऱ्याण्णव साल संपत आलं होतं. भावजी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, ज्याला तिथे सगळे सनाया म्हणतात, एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. दिवसभर लेथवर उभं राहायचं आणि वर्कशॉपच्या मागच्या खोलीत सात जणांबरोबर झोपायचं. एका शुक्रवारी मी डबा घेऊन तिथे गेले. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यात एसी बसवलेला, म्हणजे खिडकी नाहीच. वरच्या बंकवर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून खोकत होतं.

"ह्याचं दोन महिने चाललंय," भावजी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात गावी जातोय तो."

मी मिरजेला नर्सिंग शिकलेली बाई. तो खोकला कानावर पडला आणि मी तिथेच म्हटलं, "भावजी, सख्ख्या भावाचं घर असताना तुम्ही इथं का राहता? उद्याच सामान घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ते एक बॅग आणि गुंडाळलेली गादी घेऊन आले.

आमचा फ्लॅट शहरातल्या रोला भागात होता, एक बेडरूम आणि हॉल. मी चालत पोचता येईल अशा एका खाजगी दवाखान्यात नर्स होते, हे सनायातच गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर. मुलगी आठ वर्षांची. तिला काका म्हणजे खेळायला मिळालेला मोठा भाऊच वाटला. ते संध्याकाळी अंघोळ करून बसले की ही वही घेऊन त्यांच्या मांडीवर. ते मराठीत विचारायचे, ही इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं छान चालायचं. तिनं त्यांच्या छातीला कान लावायचा आणि आत काय ऐकू येतं ते सांगायचं, असा त्यांचा एक खेळ होता. कधी आत रेल्वे असायची, कधी समुद्र.

एप्रिलात त्यांना खोकला लागला. धूळ म्हणाले, लेथवरच्या तेलाचा धूर म्हणाले. मी दवाखान्यातून कफ सिरप आणलं. मे उजाडला तशी शारजाची खरी उष्णता सुरू झाली. आमच्या बेडरूमचा एसी नुसता आवाज करायचा, हॉलमधला तेवढा चांगला होता. म्हणून दरवर्षीसारख्याच ह्याही वर्षी हॉलमध्ये सगळ्यांच्या गाद्या पडल्या. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, फटींना वर्तमानपत्राच्या घड्या. चौघांनी एकच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घ्यायची. हे वाक्य मी आता लिहिते आहे. तेव्हा आम्ही नुसतं 'गारवा' म्हणायचो.

जूनच्या मध्यावर, एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हे गोदामात गेले होते, मुलगी शाळेत. भावजींनी पट्टा जरा घट्ट ओढला आणि मला दिसलं की पट्ट्याला एक नवं भोक पाडलेलं आहे. त्याच्या शेजारी अजून एक.

"वहिनी, एक सांगू? दादाला सांगणार नसाल तर."

"बोला."

"काल थुंकीतून जरासं रक्त आलं. दोऱ्यासारखं."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. मी म्हटलं, "आज दुपारीच दवाखान्यात या. आपले डॉक्टर बघतील."

"ते एक्स-रे काढतील ना?"

"काढतीलच."

"मग खलास." ते हसायचा प्रयत्न करत होते. "छातीत डाग दिसला तर माझा व्हिसा गेला. परत या देशात पाऊल ठेवता येणार नाही. वहिनी, ऑगस्टात माझी सुट्टी आहे. दोन महिन्यांचाच प्रश्न. गावी जाऊन दाखवतो, गोळ्या घेतो, बरा होऊन येतो. तोवर तुम्ही फक्त गप्प राहा."

त्या काळी आम्ही सगळे असंच मानत होतो. व्हिसाच्या तपासणीत छातीचा फोटो खराब आला की माणूस परत पाठवला जातो, एवढं प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणाच्या ना कुणाच्या ओळखीतला कुणी तसा गेलेला असायचा. पण मी गप्प राहिले ती नुसती त्यांच्यासाठी नाही. मी एका दवाखान्यात काम करत होते. माझ्याच घरात टीबीचा माणूस आहे असं निघालं तर माझ्या नोकरीचं काय, मुलीच्या शाळेत कळलं तर काय, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. मी म्हटलं, "बरं. पण तोंडावर रुमाल धरत जा."

त्या संध्याकाळी गाद्या घालताना मी मुलीची उशी काकांच्या बाजूनं काढून भिंतीच्या कडेला, माझ्या पलीकडे ठेवली. मुलगी कुरकुरली. हे म्हणाले, "राहू दे की तिथंच, काय बिघडतंय?" मी म्हटलं, "तिकडे वारा जास्त लागतो तिला." सकाळी उठून पाहिलं तर ती गडगडत जाऊन पुन्हा काकांच्या कुशीत.

इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. खात्री नव्हती, तपासणी झाली नव्हती, नुसता ब्राँकायटिसही असू शकला असता. पण ती उशी मीच सरकवली होती. मला कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

नऊ आठवडे आम्ही तसेच राहिलो. भावजींचे डोळे खोल गेले. संध्याकाळी गाल लालसर दिसायचे आणि हे चेष्टा करायचे, "लग्न ठरायच्या आधीच तेज आलंय." मी त्यांच्या ताटात अंडं वाढायची, दूध द्यायची. त्यांचं भांडं मात्र वेगळं करायचं धाडस मला झालं नाही, कारण मग ह्यांना कारण सांगावं लागलं असतं.

ऑगस्टात आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. मुलगी त्यांच्याकडे धावली तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी लांबूनच तिच्या डोक्याकडे हात केला. तिला ते समजलं नाही. ती सरळ जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली. भावजींनी मान वळवली, तोंड दुसरीकडे केलं आणि श्वास धरून तसेच उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग "यल्ला, उशीर होतोय," असं काहीतरी म्हणून ते आत गेले.

दहा-बारा दिवसांनी सांगलीहून फोन आला. फोन मी घेतला. "वहिनी, थुंकीत निघालं," एवढंच ते म्हणाले. मागे एसटीडी बूथमधल्या यंत्राची कागद छापायची खरखर ऐकू येत होती. "आता दादाला सांगा. आणि पोरीला तपासा."

मी ह्यांना सांगितलं, जणू मलाही आत्ताच कळतंय अशा चेहऱ्यानं. हे म्हणाले, "आपल्याला कसं कळलं नाही गं?"

मी पाणी आणायला आत गेले.

आमचे डॉक्टर मूळचे हैदराबादचे, वयस्कर. औरंगाबादेत शिकल्यामुळे त्यांना मराठी समजायचं, बोलायचे मात्र हिंदीतच. त्यांना मी सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "घर के सब को ले आओ. स्किन टेस्ट करेंगे, छाती का फोटो निकालेंगे."

ही टेस्ट मी रोज करत होते. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली चार बोटं, कातडीच्या आत थेंबभर औषध सोडायचं. मसुराच्या डाळीएवढा फोड उठतो आणि थोड्या वेळात जिरतो. मग दोन-तीन दिवसांनी बघायचं. शरीराची त्या जंतूशी आधी गाठ पडलेली असली तर तिथली कातडी टणक होऊन वर येते. लाली मोजायची नाही, फक्त टणक भाग मोजायचा. बॉलपेननं बाहेरून आत रेघ ओढत जायचं, पेन जिथे अडतं तिथे कड. दोन्ही बाजूंच्या कडा मिळाल्या की मध्ये पट्टी धरायची. शेकडो हातांवर मी अशा रेघा ओढल्या होत्या.

ह्यांचा हात नऊ मिलिमीटर आला. माझा सोळा. डॉक्टर हसले, "नर्स का तो होता ही है." पूर्वी कधीतरी संबंध आलेला असणार, छातीचे फोटो दोघांचेही स्वच्छ होते. मुलीचा हात मात्र कोरा होता. मी बोट फिरवून पाहिलं, डोळे मिटून पुन्हा फिरवलं. काही नाही. टोचल्याची खूणसुद्धा शोधावी लागत होती. कागदावर मी शून्य लिहिलं. घरी येऊन शिरा केला आणि देवापुढे ठेवला.

पण निघताना डॉक्टर म्हणाले होते, "अभी खुश मत होना. बॉडी को पता चलने में वक्त लगता है. दो महीने, ढाई महीने. दस हफ्ते बाद बच्ची को फिर लाओ."

हे मलाही ठाऊक होतं. दुसऱ्यांना मीच समजावून सांगायची की आज हात कोरा असला तरी खरं उत्तर पुढच्या वेळी मिळेल. फक्त तोवर मला कधी दहा आठवडे मोजत बसावं लागलं नव्हतं.

त्या दहा आठवड्यांत मला खोकला ऐकू यायला लागला. दुपारी दोनला मी दवाखान्यातून जेवायला घरी यायची. हे कामावर, मुलगी शाळेच्या बसमध्ये. कुलूप उघडून आत पाऊल टाकलं की हॉलमधून तो आवाज यायचा. आधी दोन छोटे ठसके, मग एक लांब, तळातून आलेला, शेवटी घसा साफ केल्यासारखा. अगदी त्यांचा. मी चप्पल न काढता दारातच उभी राहायची. हॉल रिकामा असायचा. त्यांची गादी मी कधीच कचऱ्यात टाकली होती, चादरी उकळल्या होत्या, पडदे धुतले होते, खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, मग गरम हवेनं घर भट्टी झालं तरी चालेल. तरीही आवाज यायचा. खालच्या मजल्यावरचं कुणी असेल, एसीच्या पाइपातून येत असेल, असं मी स्वतःला सांगायची. एकदा मी हिय्या करून मोठ्यानं म्हटलं, "भावजी?" आणि आपलाच आवाज ऐकून इतकी घाबरले की न जेवता परत दवाखान्यात गेले.

एका संध्याकाळी गृहपाठ करता करता मुलीनं मान वर केली आणि म्हणाली, "मम्मी, काका इज कफिंग."

"कुठे?"

तिनं पेन्सिलीनं हॉलच्या भिंतीकडे दाखवलं. ती घाबरलेली नव्हती. तिनं नुसतं सांगितलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. त्यानंतर ती कधी शिंकली, तिनं कधी घसा खाकरला, तरी माझ्या हातातलं काम थांबायचं. तिचं वजन मी दर आठवड्याला दवाखान्याच्या काट्यावर करून बघायला लागले. ती वैतागायची.

नोव्हेंबर आला. दुसरी टेस्ट मीच टोचली. डॉक्टर म्हणाले होते, दुसरी नर्स करेल, तू नको. मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हे तिला घेऊन दवाखान्यात आले. ती खुर्चीत बसली आणि तिनं बाही वर केली. पट्टी आणि पेन हातात घ्यायच्या आधीच, चार हातांवरून, मला दिसलं.

मी रेघ ओढली. पेन अडलं. दुसऱ्या बाजूनं ओढली. पेन अडलं. पट्टी धरली. तेरा. मला वाटलं, घाईत चुकलं. स्पिरिटनं रेघा पुसल्या आणि पुन्हा ओढल्या. तेरा. तिसऱ्यांदा ओढताना मी पेन जरा दाबून धरलं. ते थोडं पुढे सरकावं, कातडीनं वाट द्यावी, अशी माझी धडपड चालली होती. मुलगी म्हणाली, "मम्मी, इट टिकल्स." हे माझ्या खांद्यामागे उभे होते. डॉक्टर आले, त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि स्वतः मोजलं.

"तेरह," ते म्हणाले. "पहले ज़ीरो, अब तेरह. बदल गया."

लगेच छातीचा फोटो काढला. तो स्वच्छ होता. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की हा आजार नाही. जंतू शरीरात गेलाय आणि झोपलाय. सहा महिने रोज एक गोळी दिली की तो तसाच राहील, इन्शाल्ला. मग कागदावर लिहिता लिहिता ते म्हणाले, "एक बात अच्छी है. शुरू के दिनों में लगता तो पहली टेस्ट में ही दिख जाता. मतलब आखिर के कुछ हफ्तों में लगा है. जल्दी पकड़ लिया."

ते माझं समाधान करायला बोलत होते. आखिर के कुछ हफ्ते. म्हणजे जुलै. म्हणजे ऑगस्टचे पहिले दिवस. ज्या दिवसांत मी लाटणं हातात धरून 'बरं' म्हणून बसले होते, नेमके ते दिवस.

डॉक्टरांनी मग ह्यांना विचारलं, "आप के भाई को खाँसी कब से थी?"

"एप्रिलपासून," हे म्हणाले. "पण जूनपासून वाढली होती, नाही का गं? तूच तेव्हा हिची उशी..."

हे मध्येच थांबले. मी टेबलावरच्या कापसाच्या डब्याकडे बघत होते. ह्यांची नजर माझ्यावर आहे, हे न बघताही मला समजत होतं. त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही.

घरी आल्यावर मुलगी कार्टून बघायला बसली. हे स्वयंपाकघरात आले, पाणी प्यायले, ग्लास उपडा ठेवला आणि म्हणाले, "तू नर्स आहेस."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी सगळं सांगायला तोंड उघडलं तर ते हातानंच नको म्हणाले आणि बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. ते भांडले असते, चार माणसांत मला बोलले असते, तर मी कदाचित सुटले असते.

मी डॉक्टरांना एकटं गाठून खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले की खात्री कुणालाच देता येत नाही. मुलीला जन्मल्यावर बीसीजीची लस दिलेली होती. कधी कधी पहिल्या टेस्टनं त्या जुन्या लशीची आठवण शरीराला होते आणि दुसऱ्या टेस्टला हात फुगतो. जंतूचा संबंधच नसतो. "हो सकता है, ये वही हो," ते म्हणाले. "लेकिन जिस घर में बलगम पॉज़िटिव मरीज़ सोता था, उस घर की बच्ची पर मैं जुआ नहीं खेलूँगा." म्हणजे ते तेरा मिलिमीटर माझ्या गप्प बसण्याचे होते, की मिरजेत आम्हीच तिला कडेवर घेऊन दिलेल्या लशीचे, हे मला कधीच कळणार नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जीव जरा हलका झाला. पण नंतर ते जास्त जड गेलं. गुन्हा सिद्ध झाला असता तर एकदाच रडले असते.

रोज सकाळी शाळेच्या बसआधी उपाशीपोटी मी तिला गोळी देत होते. एकदा तिनं गोळी तोंडात धरूनच विचारलं, "इज काका इन माय आर्म?"

मी म्हटलं, "नाही बाळा. काका सांगलीला आहेत."

पुढच्या वर्षी जुलैत आम्ही सुट्टीला गावी गेलो. भावजी बरे झाले होते. अंगावर मांस आलं होतं, थुंकीच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या, औषध संपलं होतं. कुपवाडच्या एका कारखान्यात ते पुन्हा लेथवर उभे राहायला लागले होते. घरात मात्र ते ओसरीच्या टोकाला बसायचे. त्यांचा पेला वेगळा होता. तो त्यांचे तेच घासायचे, तेच कोनाड्यात ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. मुलगी जवळ गेली की काहीतरी निमित्त काढून ते उठायचे. तिनं दोन दिवस प्रयत्न केला आणि मग तीही जाईनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. ते तिथेच, चार हात लांब.

"वहिनी," ते म्हणाले, "पोरीच्या हातावर काय आलं होतं?"

मी तांदळातून नजर न उचलता म्हटलं, "काही नाही. कोरा होता. दोन्ही वेळा."



"बरं झालं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, ते मुलीला हाक मारतील, मांडीवर घेतील. तसं काहीच झालं नाही. ते तिथेच बसून राहिले आणि आम्ही निघेपर्यंत तसेच लांब राहिले. माझं खोटं फुकट गेलं, असं मला वाटलं. गावच्या लोकांनी त्यांच्या मनात भीती घातली असेल, अशी मी समजूत करून घेतली.

नंतर त्यांचं लग्न झालं, एक मुलगा झाला. मधे त्यांनी एकदा गल्फसाठी पुन्हा प्रयत्न केला. मुंबईच्या तपासणीत छातीवरचा जुना व्रण दिसला आणि कागद परत आले. त्यांनी ते पत्रातल्या एका ओळीत कळवलं होतं.

दोन हजार सालानंतर आम्ही शारजातच अल नहदाला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. नवा टॉवर, प्रत्येक खोलीत चांगली हवा. मला वाटलं, खोकला जुन्या घरात राहील. तो वर्षातून एक-दोनदा इथेही आला, बहुतेक जुलैत. मी कुणाला सांगितलं नाही.

मुलगी अठरा वर्षांची झाली. मूल अठराचं झालं की आई-बापांच्या व्हिसावर राहायलाही त्याची तपासणी होते, रक्त आणि छातीचा फोटो. त्या तारखेकडे मी नऊ-दहा वर्षं बघत होते. गोळी पुरे सहा महिने दिली होती, तिला कधी काही झालं नव्हतं, तरीही. तपासणीच्या जागी बायकांच्या रांगेत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. ती नंबराचा कागद बोटाला गुंडाळत होती. मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. पट्ट्याचं भोक, रक्ताचा दोरा, नऊ आठवडे, तेरा.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सो यू न्यू."

"हो."

"आणि बाबा?"

"त्यांना नंतर कळलं."

"आणि काकाला माहितेय? माझं?"

"नाही. त्यांना मी कोरा म्हणून सांगितलं."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा नंबर पुकारला आणि ती आत गेली. दार बंद झालं. ती बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता ओढणी नीट केली आणि आम्ही गाडीकडे चालायला लागलो.

चार दिवसांनी निकाल आला. फिट. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "कॉल हिम, मम्मी. तूच सांग."

मी फोन लावला. भावजींनी उचलला. मी आधी मुलगी पास झाल्याचं सांगितलं, ते खूश झाले. मग मी म्हटलं, "भावजी, मी तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं. ओसरीवर. तिचा हात कोरा नव्हता."

पलीकडे लेथ बंद केल्यासारखी शांतता झाली. मग ते म्हणाले, "माहीत होतं, वहिनी."

"कसं?"

"दादानं तेव्हाच पत्र लिहिलं होतं. टेस्ट झाली त्याच आठवड्यात. तेरा आलं म्हणून. मी त्याला उलट लिहिलं की वहिनींना काही बोलू नको, गप्प राहा म्हणून मीच त्यांच्या पाया पडलो होतो."

"मग तुम्ही मला विचारलंत कशाला?"

"मला वाटलं, तुम्हाला कुणाला तरी सांगायचं असेल."

त्यांनीच मग मुलीच्या कॉलेजचं विचारलं, तिकडच्या पावसाचं सांगितलं आणि फोन ठेवला.

हे हॉलमध्ये बातम्या बघत होते. मी जाऊन शेजारी बसले. मी काय केलं ते ह्यांना कळलंय, इतकी वर्षं मला एवढंच माहीत होतं. पण त्या माणसानं सगळं कागदावर लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं होतं, आणि ते उत्तर वाचूनही तो रोज माझ्यासमोर जेवायला बसला होता. मी विचारलं, "तुम्ही भावजींना पत्र लिहिलं होतं. त्यात माझ्याबद्दल काय लिहिलं होतं?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज पार कमी केला.

"आता आठवत नाही," ते म्हणाले.

त्यांना आठवत होतं. पण मी पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनी आवाज पुन्हा वाढवला नाही. बातम्या देणारी बाई नुसतं तोंड हलवत राहिली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसून राहिलो.